बेबनाव कोणाकोणांत?

इस्पितळाच्या धुलाई विभागात तिला सगळे खटकामावशी म्हणत. या नावाला दोन कारणं होती आणि कोण कुठल्या कारणाने म्हणतंय, ते म्हणणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघून ओळखावं लागे. पहिलं कारण सरळ होतं. विभागातल्या दोन मोठ्या यंत्रांचे लोखंडी खटके वर-खाली करायचं काम गेली एकोणीस वर्षं तिच्याकडे होतं. दुसरं कारण असं, की तिचा कोणाशी ना कोणाशी खटका उडायचाच. साबणाची पोती ओलसर आली की भांडारवाल्याशी, चादरीच्या घडीत सुई सापडली की त्या वॉर्डातल्या सिस्टरशी, आणि कोणीच हाताशी नसलं तर यंत्राशी. यंत्र उलट बोलत नसे, म्हणून त्याच्याशी तिचं त्यातल्या त्यात बरं होतं.

बाई अंगाने किरकोळ, आवाज मात्र तळघराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा. यंत्रांच्या घरघरीत एकोणीस वर्षं बोलून तो तसा झाला होता. घरीसुद्धा ती मीठ मागायची ते शेजाऱ्यांना ऐकू जायचं.

त्या वर्षी दोन यंत्रांपैकी एक बंद पडलं. आज दुरुस्त होईल, उद्या होईल, असं करता करता तीन महिने झाले. सगळ्या इस्पितळाचे कपडे एकाच यंत्रावर आले. आता धुलाईत एक जुना नियम होता. संसर्गाच्या वॉर्डातले कपडे पिवळ्या पिशव्यांतून येत आणि ते वेगळे, कडकडीत पाण्यात, औषध घालून धुवायचे. दोन यंत्रं होती तेव्हा त्यात काही अडचण नव्हती. एकच उरल्यावर मात्र पिवळ्या पिशव्यांसाठी वेगळी फेरी काढावी लागे. ड्रम अर्धा रिकामा फिरायचा आणि पाळी संपायला तासभर उशीर व्हायचा. त्या तासात घरी जायची बस निघून जायची, आणि पुढची यायला आणखी तास.

विभागाचे साहेब नवीन होते. वय चाळिशीच्या आतलं, कपाळावर कायम आठी, हातात कायम तक्ता. माणूस वाईट नव्हता, पण वरून येणारं बोलणं खाली पोचवण्यातच त्याचा दिवस जायचा. एके दिवशी त्यांनी सांगून टाकलं, "आजपासून सगळं एकत्र टाका. गरम पाण्यात काय राहतंय? सगळं मरतं."

"पाणी गरम असेल तर मरेल ना, साहेब," खटकामावशी म्हणाली. तिने यंत्राच्या गोल काचेवर तळहात ठेवला आणि तिथेच ठेवून दाखवला. "हे बघा. काचेवर हात टिकतोय, म्हणजे पाणी कोमट. बॉयलर म्हातारा झालाय. या पाण्यात माझा संधिवात बरा होईल, जंतू मरायचे नाहीत."

साहेबांनी तक्त्यात बघितलं आणि निघून गेले. तिनेही ऐकायचं तेवढं ऐकलं आणि पिवळ्या पिशव्या वेगळ्याच धुवायचं चालू ठेवलं.

आता विभागातल्या बाकीच्या बायकाही कुरकुरू लागल्या. घडी घालायच्या टेबलावर एक उंच, शांत बाई होती, तिला सगळे घडीवाली म्हणत. दोघी बारा वर्षं एकाच बाकावर बसून डबा खात आल्या होत्या. तीसुद्धा एकदा म्हणाली, "तू खरी असशील गं. पण माझी लेक शाळेच्या दारात उभी राहते, तिला काय सांगू? खटकामावशी खरी आहे म्हणून थांब?"

खटकामावशीने हातातली पोळी डब्यात परत ठेवली. तिने डब्याचं झाकण लावलं. पण दुपारची फेरी तिने वेगळीच काढली.

मग तो मंगळवार आला. ती भांडारात औषध आणायला गेली होती. परत येते तर यंत्र भरलेलं, फिरायला लागलेलं, आणि काचेतून पिवळं काहीतरी गोल गोल जाताना दिसलं. कोणाच्या तरी हातून पिशवीसकट आत गेलं होतं. त्याच्यासोबत बाळंतिणींच्या वॉर्डातली पांढरी दुपटी फिरत होती. साहेब बाजूला तक्ता घेऊन उभे होते.

खटकामावशीने काही विचारलं नाही. तिने सरळ खटका खाली ओढला. यंत्र कण्हत थांबलं. मग ती खटक्याला पाठ लावून उभी राहिली.

"मावशी, बाजूला व्हा," साहेब म्हणाले.

"नाही."

"मी सांगतोय."

"ऐकू येतंय, साहेब. यंत्र बंद आहे, आता सगळं ऐकू येतं. दुपटी बाहेर काढू द्या, मग होते बाजूला."

चाळीस मिनिटं ती तशी उभी होती. साहेबांनी समजावलं, चढ्या आवाजात सांगितलं, शेवटी वर फोन केला. वरून काय उत्तर आलं कोण जाणे, पण फोन ठेवल्यावर ते म्हणाले, "काढा." दुपटी बाहेर निघाली, सगळं नव्याने धुतलं गेलं आणि त्या दिवशी सगळ्यांच्याच दोन बस चुकल्या. जाताना कोणी तिच्याशी बोललं नाही.

शुक्रवारी तिला आस्थापनेच्या खोलीत बोलावणं आलं. तिथला कारकून चष्म्यावरून बघणारा, फाइलींच्या भिंतीआड बसणारा गृहस्थ होता. त्याने एक कागद पुढे केला आणि बोट ठेवलं. "इथे सही."

तिने कागद उचलून खिडकीशी नेला. वाचायला ती हळू होती, पण एकही अक्षर सोडत नसे. कागदावर लिहिलं होतं, 'आपल्या वर्तनामुळे विभागात बेबनाव निर्माण झाला असून, याबाबत आपला खुलासा सात दिवसांत सादर करावा.'

"बेबनाव म्हणजे काय?" तिने विचारलं.

"बेबनाव म्हणजे... बेबनाव. सगळ्यांना माहीत असतं."

"मलाही माहीत आहे. बातम्यांत ऐकते. या पक्षात बेबनाव, त्या पक्षात बेबनाव. पण कानावरून गेलेला शब्द वेगळा आणि माझ्या नावावर लावलेला वेगळा. नीट अर्थ सांगा."

"अहो, ही पोचपावतीची सही आहे. कबुलीची नाही."

"असेना. अर्थ कळेपर्यंत मी सही करणार नाही. उद्या लिहाल की मी अमुकतमुक आहे, आणि मी खाली सही करून बसायची?"

कारकुनाने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "सोमवारपर्यंत," तो म्हणाला. "त्याच्यापुढे माझ्या हातात नाही." तिने तो मजकूर दुसऱ्या कागदावर उतरवून घेतला.

तिचा नवरा घरीच पुढच्या खोलीत घड्याळं दुरुस्त करायचा. डोळ्याला भिंग लावून तो एका मनगटी घड्याळाच्या पोटात बघत होता. तिने कागद वाचून दाखवला. त्याने मान वर न करता विचार केला.

"बेइमान म्हणजे कोण?"

"ज्याला इमान नाही तो."

"बेअक्कल?" त्याने भिंगातूनच तिच्याकडे बघितलं.

"ज्याला अक्कल नाही तो. माझ्याकडे बघून नका विचारू."

"आणि बनाव म्हणजे? रचून सांगितलेली खोटी गोष्ट. बनाव रचला म्हणतात ना? मग बेबनाव म्हणजे ज्यात बनाव नाही ते. म्हणजे खरं. तुझ्यामुळे विभागात खरेपणा निर्माण झाला, असं लिहिलंय त्यांनी."

तिला इतकं हसू आलं, की शेजारणीने खिडकीतून डोकावून काय झालं म्हणून विचारलं. हसून झाल्यावर ती म्हणाली, "अहो, साहेब माझी स्तुती सात दिवसांत खुलासा मागून कशाला करतील? ताईंना विचारायला हवं."

नवऱ्याने डोळ्यावरचं भिंग काढलं. हे काही त्याला अपेक्षित नव्हतं.

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण, तिची नणंद. कोर्टाबाहेरच्या एका खोलीत टाइपिंगचं यंत्र घेऊन तिने सव्वीस वर्षं लोकांचे अर्ज, दावे आणि जबाब टाइप केले होते. शब्दांच्या बाबतीत वकीलसुद्धा तिला विचारून पुढे जात. पण नणंदभावजयीत दोन वर्षं बोलणं नव्हतं. कारण एका शालीचं होतं. सासूबाई गेल्या तेव्हा घर आवरताना खटकामावशीने त्यांची अंगावरची लोकरी शाल हळुवार हाताने धुतली, सावलीत वाळवली आणि घडी करून नणंदेसाठी ठेवली. नणंद आली, तिने शाल नाकाशी नेली आणि म्हणाली, "आईचा वास होता हिला. धुऊन टाकलास." शाल तिथेच ठेवून ती निघून गेली, ती गेलीच.

शनिवारी दुपारी खटकामावशी त्या खोलीच्या दारात उभी राहिली. खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतीशी रचलेले कोऱ्या कागदांचे गठ्ठे. नणंदेने हात न थांबवता ओळ पूर्ण केली, मग वर बघितलं.

"दोन वर्षांनी आलीस. बोल."

"बेबनाव म्हणजे काय, ताई?"

"मला टोमणा मारायला एवढ्या लांब आलीस?"

"नाही हो. नोटीस आलीय." तिने कागद पुढे केला.

नणंदेने वाचला. मग चष्मा कपाळावर ढकलून पुन्हा वाचला आणि तिच्या चेहऱ्यावर, चुकीचा हिशोब सापडलेल्या शिक्षिकेसारखा, एक कडवट आनंद दिसला.

"कोणी लिहिलंय हे? अडाणी माणूस आहे."

"का?"

"बस." नणंदेने दुसऱ्या खुर्चीवरचे कागद उचलले. "हा शब्द मी दर आठवड्याला टाइप करते. नवराबायकोच्या दाव्यात असतो, 'उभयतांमध्ये बेबनाव निर्माण झाला.' भावांच्या वाटणीत असतो, 'बंधूंमध्ये बेबनाव असल्यामुळे.' भागीदारांच्यात असतो. अर्थ एवढाच, की बनत नाही, पटत नाही, मेळ बसत नाही. पण प्रत्येक ठिकाणी काय असतं बघ. उभयता. बंधू. भागीदार. कोणाकोणांत ते सांगितल्याशिवाय हा शब्द उभाच राहत नाही. भांडखोर म्हणायचं तर एकटीला म्हणता येतं. उद्धट म्हणता येतं. बेबनाव एकटीचा नसतो गं. तो दोघांच्या मध्ये असतो, दाराच्या चौकटीसारखा. आणि यांनी लिहिलंय, विभागात बेबनाव. विभागात कोणाचा? दुसरं नाव कुठाय?"

खटकामावशीने कागद परत घेऊन पुन्हा वाचला.

"म्हणजे त्यांना दुसरं नाव लिहावं लागेल."

"लिहावं लागेल. आणि दोन नावं आली, की तिसरी गोष्ट आपोआप येते. कोर्टात पहिला प्रश्न तोच असतो. बेबनाव कशावरून?"

नणंदेने नवा कागद यंत्रात घातला. खुलासा टाइप व्हायला दहा मिनिटं लागली. त्यात चारच ओळी होत्या. कागद काढून देताना नणंद म्हणाली, "त्या शालीचं तुला अजून चुकलं असं वाटत नाही ना?"

खटकामावशीने खोटं बोलायचा विचार केला, पण ते तिला जमलं नाही. "तुम्हाला न विचारता धुतली, ते चुकलं. पण धुवायला हवी होती, ताई. आजारपणातली होती."

"मला वाटलंच," नणंद म्हणाली. "पाणी पिऊन जा."

सोमवारी सकाळी तिने सहीऐवजी हा खुलासा दिला, आणि दुपारी इस्पितळाच्या अधीक्षकांच्या खोलीत सगळे जमले. अधीक्षक पन्नाशीच्या डॉक्टरीणबाई होत्या, थकलेल्या डोळ्यांच्या आणि कमी बोलणाऱ्या. एका बाजूला साहेब, दाराशी कारकून, आणि साहेबांनी साक्षीला आणलेली घडीवाली. उशीर होतो म्हणून विभागातल्या सहा जणींनी तक्रारीवर सह्या केल्या होत्या, त्यात तिची सही होती. ती खाली बघत होती.

अधीक्षकांनी खुलासा वाचला. "तुम्ही म्हणता, दुसरं नाव लिहा."

"हो, बाई. बेबनाव दोघांत असतो. एका हाताने टाळी वाजत नाही, हे तर शाळेत जाणाऱ्या पोरालाही माहीत आहे. माझं नाव आहे, साहेबांचं नाही."

साहेब म्हणाले, "मी विभागप्रमुख आहे. माझा बेबनाव कसा असेल? मी आदेश देतो."

"मग मी काय भिंतीशी भांडले, साहेब? चाळीस मिनिटं तुम्ही समोर उभे होतात."

अधीक्षकांच्या ओठांचा कोपरा किंचित हलला. त्यांनी पेन उचललं. "असं करू. या शब्दावरूनच अडत असेल, तर शब्द काढून टाकू. 'सूचनांचे पालन केले नाही' असं लिहू. साधी समज देऊन प्रकरण मिटवू. चालेल?"

कारकुनाने सुटकेचा श्वास सोडला. साहेबांनी मान डोलावली. घडीवालीनेसुद्धा वर बघितलं, घे मान्य करून, असं तिचे डोळे सांगत होते. समज म्हणजे काहीच नाही. कागद फाइलीत जाईल आणि विसरला जाईल.

"नाही चालणार," खटकामावशी म्हणाली. तळघरातला आवाज त्या लहान खोलीत मावेना, म्हणून तिने तो खाली आणला. "सूचना पाळली नाही म्हटलं, की मी एकटी पुन्हा. शब्द काढू नका, बाई. शब्द बरोबर आहे. आमचं पटत नाही, ते खरंच आहे. बेबनाव आहे. मला बेबनावच हवा. फक्त कोणाकोणांत ते लिहा, आणि कशावरून ते लिहा. तेवढं लिहिलंत की मी इथेच सही करते."

"हट्ट करताय तुम्ही."

"हो, बाई."

मग अधीक्षकांनी कोरा कागद ओढला आणि लिहायला घेतलं. "विभागप्रमुख आणि यंत्रचालक यांच्यात," त्या मोठ्याने म्हणत लिहू लागल्या, "बेबनाव निर्माण झाला. कारण?" त्यांनी वर बघितलं. "सांगा."

"पिवळ्या पिशव्यांतले कपडे आणि बाळांची दुपटी एकत्र धुवायची की नाही, यावरून."

पेन थांबलं. अधीक्षकांनी साहेबांकडे बघितलं. "एकत्र?"

साहेबांची आठी गेली आणि चेहरा एकदम उघडा पडला. "एकच यंत्र आहे, मॅडम. तीन महिने. मी दुरुस्तीसाठी तीन पत्रं पाठवली. एक तुमच्या टेबलावर, दोन लेखा विभागाकडे. एकाचंही उत्तर नाही. वरून रोज फोन, कपडे वेळेत का येत नाहीत. मी काय करायचं होतं?" बोलता बोलता त्यांचा आवाज चढला. "आणि पाणी कोमटच येतं. हे त्या म्हणतात ते बरोबर आहे. बॉयलरचं चौथं पत्र आहे."

खटकामावशीने मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. तीन महिन्यांत हा माणूस पहिल्यांदाच तिच्या बाजूचं बोलला होता, आणि तेही तिच्याविरुद्ध बोलता बोलता. पत्रांची गोष्ट तिला माहीत नव्हती. तिला वाटलं होतं, साहेबांना फिकीरच नाही.

"तुम्ही खाली कधी सांगितलं नाहीत, पत्रं पाठवली म्हणून," ती म्हणाली.

"तुम्ही विचारलं होतं का कधी? तुम्ही नुसत्या भांडलात."

हे तिला लागलं. खरं होतं म्हणून लागलं.

घडीवाली तेव्हा पहिल्यांदा बोलली. "बाई, मी सही केली ती उशिराबद्दल. हिचं तोंड वाईट आहे, ते मी कुठेही सांगेन. पण दुपट्यांबद्दल माझी सही नव्हती. बेबनाव वगैरे ते वर नंतर लिहिलं. आम्हाला वाचून नाही दाखवलं."

अधीक्षकांनी हे ऐकून घेतलं. टेबलाच्या डाव्या बाजूला कागदांचा एक गठ्ठा होता, त्याच्याकडे त्यांची नजर गेली आणि परत आली. त्यांनी तो गठ्ठा कोणासमोर उपसला नाही. पण पुढचं वाक्य त्यांनी मोठ्याने न म्हणता लिहिलं, आणि कागद फिरवून खटकामावशीपुढे ठेवला. तिने खिडकीशी नेऊन वाचला. दोन नावं होती. कारण होतं. आणि खाली लिहिलं होतं, की यंत्र बंद असल्याची लेखी कल्पना कार्यालयास असूनही कार्यवाही झाली नाही.

तिने सही केली. साहेबांनाही करावी लागली. त्यांचं पेन कागदावर जरा रेंगाळलं, पण त्यांनी केली.

यंत्र बाराव्या दिवशी दुरुस्त झालं. तीन महिने जे जमलं नव्हतं, त्याला एक मिस्त्री, एक पट्टा आणि अर्धा दिवस पुरला. पिवळ्या पिशव्या पुन्हा वेगळ्या यंत्रात जाऊ लागल्या आणि बस पुन्हा वेळेवर मिळू लागली. घडीवाली बाकावर परत आली. तीन आठवडे ती दुसऱ्या टोकाला बसली, मग एक दिवस सरकत सरकत जवळ आली. कोणीच माफी मागितली नाही.

साहेब आणि खटकामावशी यांचं मात्र काही पटलं नाही. पटेल अशी कोणाची अपेक्षाही नव्हती. फरक एवढाच झाला, की आता ते भांडताना एकमेकांना कारण सांगू लागले. ती म्हणायची, "हे कशावरून?" आणि ते तक्ता उघडून दाखवायचे. कधी तक्ता खरा निघायचा, कधी ती. पाळीप्रमुखाची जागा रिकामी झाली तेव्हा ती तिला मिळाली नाही. तिच्याहून सात वर्षं नवीन असलेल्या एकीला मिळाली. का, ते तिने विचारलं, आणि उत्तर आलं नाही. त्या रात्री जेवताना तिने नवऱ्याला सांगितलं, "वाईट वाटतंय." त्याने तिच्या ताटात जरा जास्त वाढलं आणि सल्ला दिला नाही.

वर्षभराने कारकुनाने तिला पुन्हा बोलावलं. या वेळी तो खुर्चीतून अर्धा उठला.

"मावशी, नियम असा आहे, की वर्षभर काही तक्रार नसेल तर जुना कागद फाइलीतून काढता येतो. अर्ज करायचा फक्त. साहेबांनी त्यांच्या फाइलीतला काढून घेतला, गेल्याच महिन्यात. तुमचाही काढू? पुढच्या वेळी जागा निघाली तर आड यायला नको."

तिने फाइल मागितली. कागद काढून तिने तो पुन्हा एकदा वाचला, हळूहळू, एकही अक्षर न सोडता.

"राहू द्या," ती म्हणाली.

"अहो, तुमच्याच भल्याचं सांगतोय."

"कळतंय मला. पण यात खोटं काय आहे? दुपट्यांवरून भांडले. पुन्हा टाकली तर पुन्हा भांडेन. कोणाला वाचायचं असेल त्याने वाचावं. साहेबांनी काढला, तो त्यांचा प्रश्न. दोन नावांपैकी एकाच्या तरी फाइलीत राहायला हवा ना कागद."

कारकुनाने खांदे उडवले आणि फाइल बांधायला घेतली.

"थांबा," ती म्हणाली, आणि पिशवीतून दुसरा कागद काढून त्याच्यापुढे ठेवला. नणंदेच्या यंत्रावर टाइप केलेला, चार ओळींचा. बॉयलरचं पाणी अजून कोमटच येत होतं. खाली तिची सही होती आणि तिच्या सहीखाली, जरा आढेवेढे घेऊन केलेली, साहेबांची.

"याची पोच द्या," ती म्हणाली. "तारीख घालून."